पारख नसेल तर हिरा कशाला?

सोलापूर-पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. रसायनांचे आणि कापडाचे कारखाने, पाळ्यांचे वेळापत्रक आणि घामाचा पैसा हे तिचे जीवन. इथल्या कामगाराच्या घरी लग्न ठरले की पूर्वी साखरपुडा, नारळ, साडी आणि ऐपत असल्यास सोन्याची अंगठी एवढ्यावर भागत असे. आता याद्यांच्या बैठकीत नवी अट ऐकू येते, ‘अंगठी हिऱ्याचीच हवी!’ मग भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली जाते, भिशी मोडली जाते. लेकीच्या किंवा सुनेच्या बोटात चमकणारा तो खडा नेमका कसा आहे, हे मात्र कोणीच विचारत नाही.

ही अट आली कुठून? दक्षिण आफ्रिकेतील खाणींवर १८८८ साली उभ्या राहिलेल्या ‘डी बीअर्स’ कंपनीने जगाच्या हिरेबाजारावर दीर्घकाळ पकड ठेवली. हिरा चिरंतन असल्याचे तिचे प्रसिद्ध घोषवाक्य १९४७ साली अमेरिकेतील एका जाहिरातसंस्थेत लिहिले गेले. पुढे त्याचा हिंदी अवतार दूरचित्रवाणीवरून आपल्या माजघरात शिरला. ज्याला आज ‘रीत’ म्हटले जाते, ती व्यापाऱ्याच्या कचेरीत जन्मलेली जाहिरात आहे!

याचा अर्थ हिरा आपल्याला परका आहे, असा नव्हे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा प्रमुख देश भारतच होता. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त वज्रपरीक्षेसाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. काकपद, मक्षिका, केश अशी हिऱ्यातील दोषांची नावे त्यात आहेत आणि वजन तांदुळाच्या मापाने सांगितले आहे. आजही जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेत. ज्या देशाने पारख शिकवली, त्याच देशातील सुशिक्षित कुटुंबाने केवळ दुकानाच्या दिव्यांना भुलून खरेदी करावी, याहून मोठी नामुष्की कोणती?

हिरा घ्यायचाच असेल, तर चार गोष्टी पाहाव्यात : पैलू, रंग, निर्दोषता आणि वजन. सामान्य ग्राहक वजनापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरेट वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, अर्थात १०० सेंट. पूर्ण एक कॅरेटच्या आकड्याला भाव एकदम चढतो. ९० सेंटचा हिरा बोटात जवळपास तेवढाच दिसतो. खरे तेज पैलूंवर अवलंबून असते. बेताल पैलूंचा मोठा हिरा निस्तेज दिसतो, तर नेटक्या पैलूंचा लहान हिरा झळाळतो. रंगाची प्रतवारी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत असते. पिवळ्या सोन्यात ‘जी’ किंवा ‘एच’ प्रतीचा हिराही डोळ्याला पांढराच दिसतो. भिंगाखालीच दिसणाऱ्या दोषापायी हजारो रुपये जादा मोजणे हा शहाणपणा नव्हे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न हिऱ्याच्या उगमाचा आहे. ‘सीव्हीडी’ किंवा ‘एचपीएचटी’ पद्धतीने प्रयोगशाळेत घडवलेला हिरा हाही शुद्ध कार्बनचाच असतो. नुसत्या डोळ्यांना तो ओळखता येत नाही. उष्णतेवरून खडा तपासणारे साधे यंत्रही त्याला हिराच म्हणते. तो खोटा नाही. मात्र त्याची किंमत खाणीतल्या हिऱ्याच्या तुलनेत फारच कमी असते. जाणूनबुजून तो घेणारा शहाणा ठरतो. न सांगता खाणीतल्या हिऱ्याच्या भावात तो विकणारा मात्र लुटारूच!

म्हणून प्रमाणपत्र मागावे. ‘जीआयए’ किंवा ‘आयजीआय’ अशा स्वतंत्र प्रयोगशाळेचे ते असावे. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक भिंगातून त्याच्याशी पडताळावा. हॉलमार्कवर विसंबू नये. १८ कॅरेटच्या अंगठीवरील ‘७५०’ हा आकडा सोन्याची ग्वाही देतो, हिऱ्याची नाही. पावतीवर सोने, हिरा आणि घडणावळ यांची किंमत वेगवेगळी लिहून घ्यावी आणि परत घेण्याची अटही लेखी घ्यावी. अडीअडचणीला सोने मोडता येते. हिरा विकायला गेल्यावर खरेदीच्या मानाने किती थोडे हाती येते, ते तेव्हाच कळते.

आणि ऐपत नसेल तर? मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत दरवर्षी अक्षता सोहळा होतो. कुंभारकन्येचा विवाह सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागल्याच्या आख्यायिकेचे ते स्मरण. हजारो हातांतून तांदूळ पडतात आणि मंगल कार्य संपन्न होते. ज्या नगरीने हे पिढ्यानपिढ्या पाहिले, तिथल्या बापाने एका खड्यासाठी कर्जाच्या खाईत उतरावे, हे कोणत्या संस्कारात बसते? वरपक्षाने ‘हिरा नको’ असे बैठकीत आपणहून म्हणावे. त्या एका वाक्यात घराण्याची जी प्रतवारी कळते, ती कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेली नसते.