श्रावणाचा जमाखर्च

पोळा झाला, श्रावण सरला आणि भाद्रपद लागताच घरोघरी गणपतीच्या खर्चाची जुळवाजुळव सुरू झाली. महिनाअखेरीस जमाखर्चाची वही उघडण्याची सवय ज्या नोकरदार घरांत अजून टिकून आहे, तेथे श्रावणाच्या पानावर ठरावीक नोंदी आढळतील. नारळ, गूळ, हरभऱ्याची डाळ, उपवासाचा साबुदाणा, पूजेची फुले, राखीपौर्णिमेची ओवाळणी, माहेरी येण्याजाण्याचे भाडे. बेरीज नेहमीप्रमाणे अंदाजापेक्षा जास्त भरते आणि सणांनी कंबर मोडली असा शेरा मारून वही मिटली जाते.

हा शेरा खोटा नाही, परंतु तो अपुरा आहे. त्याच महिन्यात त्याच घरात जे आनंदाचे प्रसंग आले, त्यांचा ह्या वहीत मागमूसही नसतो. श्रावणी सोमवारी शाळा दुपारीच सुटल्यामुळे मुलांना, आणि त्यांच्या शिक्षकांनाही, लाभलेली मोकळी संध्याकाळ. पहाटे अंगणात पडलेला पारिजातकाचा सडा. नागपंचमीला चिरणे-तळणे वर्ज्य म्हणून देशावर उकडलेली पुरणाची दिंडे, कोकणात हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या आणि भांड्यावरचे झाकण निघताच घरभर पसरलेला तो वास. कचेरीतून परतताना भर उन्हात आलेली सर आणि दुकानाच्या पागोळीखाली अनोळखी माणसांनी एकमेकांना सरकून दिलेली जागा. ह्यांतील एकाही गोष्टीची पावती मिळत नाही आणि ज्याची पावती नाही ते वहीत चढत नाही.

अर्थशास्त्राला हे ठाऊक आहे

अर्थशास्त्र हे केवळ पैशाचे शास्त्र असल्याने त्याला असल्या गोष्टींशी कर्तव्य नाही, असा समज रूढ आहे. तो बरोबर नव्हे. आल्फ्रेड मार्शल ह्याने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ ही कल्पना मांडली. एखाद्या वस्तूवाचून राहण्यापेक्षा माणूस तिच्यासाठी जी किंमत मोजावयास तयार होईल, तिच्याहून प्रत्यक्षात मोजावी लागणारी किंमत पुष्कळदा फारच कमी असते. हा फरक म्हणजे त्याला मिळालेला अधिकचा संतोष होय. मार्शलने ह्यासाठी निवडलेली उदाहरणे मोठी बोलकी आहेत. आगकाडी, मीठ, एका पेनीचे वृत्तपत्र आणि टपालाचे तिकीट. जडजवाहीर किंवा घोडागाडी त्याला आठवली नाही. क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंतच संतोषाचे आधिक्य सर्वांत मोठे असते, हे त्याने ओळखले होते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणाऱ्या सायमन कुझनेट्स ह्यानेही १९३४ मध्ये अमेरिकन सिनेटला सादर केलेल्या अहवालात बजावून ठेवले होते की, राष्ट्राच्या उत्पन्नाच्या आकड्यावरून राष्ट्राचे कल्याण जोखता येणार नाही. मोजपट्टी तयार करणाऱ्यानेच तिची मर्यादा सांगितली होती. पुढे लोकांच्या हाती मोजपट्टी राहिली आणि इशारा मात्र विस्मरणात गेला.

टिबॉर सिटोव्स्की ह्या हंगेरीत जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये आनंदहीन अर्थव्यवस्थेवर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. सुखसोय आणि आनंद ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, किंबहुना अखंड सुखसोय ही आनंदाच्या मुळावर येते, असे त्याचे प्रतिपादन होते. आनंदाला बदल लागतो, थोडी वाट पाहावी लागते. श्रावण पाळणाऱ्या कोणत्याही घराला हे नव्याने सांगावयास नको. जे पक्वान्न बारा महिने डब्यात मिळते त्याचे अप्रूप उरत नाही. दिंडे वर्षातून एकदाच होतात, म्हणून त्यांची आठवण वर्षभर पुरते.

समाधानाचा उपदेश नव्हे

येथे एक धोका आहे. लहानसहान आनंदांची महती गाणे हे पोट भरलेल्याला सोपे असते. पगार वेळेवर न मिळणाऱ्या तासिका तत्त्वावरील शिक्षकाला किंवा कंत्राटी कारकुनाला पारिजातकाच्या सड्याकडे बोट दाखविणे ही शुद्ध थट्टा होय. २०२३-२४ च्या घरगुती उपभोगखर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्चापैकी सुमारे ४७ टक्के, तर शहरी भारतात सुमारे ४० टक्के रक्कम अन्नावरच जाते. ज्या कुटुंबांना डाळीचा भाव वाढताच इतर खर्चांना कात्री लावावी लागते, त्यांना आनंद मनात असतो असे सांगून चालणार नाही. छोटा आनंद हा रास्त वेतनाचा पर्याय नव्हे, आणि तसा तो कोणी देऊ करीत असेल तर त्याच्या हेतूविषयी संशय घ्यावा.

परंतु ह्याच कारणासाठी ह्या आनंदांचा हिशेब अधिक काटेकोरपणे मांडला पाहिजे. ज्याच्या हाती पैसा कमी, त्याच्या आयुष्यात पैशाविना मिळणाऱ्या गोष्टींचा वाटा मोठा. त्या नाहीशा झाल्या तर श्रीमंताचे विशेष बिघडत नाही, कारण तो त्यांच्या जागी दुसरे काही विकत घेतो. गरिबाचे मात्र खरे उत्पन्नच घटते आणि ही घट कोणत्याही निर्देशांकात दिसत नाही.

फुकटाच्या मागची व्यवस्था

फुकट दिसणाऱ्या आनंदामागे बहुधा कोणीतरी राखलेली सार्वजनिक व्यवस्था उभी असते. श्रावणात सासुरवाशीण दोन दिवस माहेरी जाऊन येते, ती पुष्कळदा एसटीच्या भरवशावर. १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर ह्या शहरांदरम्यान एसटीची पहिली गाडी धावली, तेव्हापासून ही सेवा केवळ माणसांची नव्हे, तर नात्यांचीही ने-आण करीत आली आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागली. वहीतील भाड्याची नोंद निम्म्यावर आली आणि दोन खेपा चार झाल्या. तथापि सवलत असून गाडीच वेळेवर नसेल, फलाटावर बसावयास कोरडी जागा नसेल, तर कागदावरचा लाभ कागदावरच राहतो.

ग्रंथालयांची गोष्ट अशीच आहे. पावसाळी दुपारी वाचनालयात जाऊन वर्तमानपत्रे चाळणे आणि घरी येताना एखादी कादंबरी आणणे, हा विद्यार्थ्यांचा आणि निवृत्तांचा जुना विरंगुळा. त्यासाठी राज्याने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्या कायद्याच्या आधारे उभी असलेली गावोगावची वाचनालये आज तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथपालांच्या चिकाटीवर चालली आहेत. रानभाज्यांचेही तेच. आदिवासी बायका टोपलीतून टाकळा, कुर्डू, कर्टोली आणतात, ती माळरानावर आणि डोंगरउतारावर आपोआप उगवलेली असते. अलीकडच्या काही वर्षांत कृषी खाते रानभाजी महोत्सव भरविते, हे स्वागतार्ह आहे. पण ज्या उतारावर ती भाजी उगवते तो सपाट करून भूखंड पाडले, तर महोत्सवात मांडावयास काय उरेल? त्या भूखंडाची विक्री राष्ट्रीय हिशेबात नोंदली जाते. टोपली रिकामी झाल्याची नोंद तेथे होत नाही.

वेळेची विषम वाटणी

सार्वजनिक सोयींखेरीज आनंदाला आणखी एक भांडवल लागते, ते म्हणजे मोकळा वेळ. आणि ह्या भांडवलाची वाटणी घराबाहेर जितकी विषम आहे त्याहून घराच्या आत अधिक विषम आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत असे आढळले की, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सरासरी २८९ मिनिटे इतका वेळ त्यात जातो, तर ते करणाऱ्या पुरुषांचा केवळ ८८ मिनिटे. म्हणजे एकीकडे पावणेपाच तासांहून अधिक आणि दुसरीकडे दीड तासाहूनही कमी. ही सरासरी वर्षभराची आहे. सणाच्या दिवशी पुरण शिजवून वाटणाऱ्या बाईचे घड्याळ काय दाखवीत असेल, ह्याचा अंदाज ज्याचा त्याने आपल्या घरात करावा.

दिंडांच्या वासाने घर भरून गेले, असे कौतुकाने सांगितले जाते. त्या वासामागे पहाटेपासून ओट्याशी उभी असलेली एक व्यक्ती असते आणि पुष्कळ घरांत ती सर्वांत शेवटी जेवते. घरातील चौघांचा आनंद पाचवीच्या श्रमावर उभा असेल, तर तो आनंद खोटा ठरत नाही, पण त्याचा हिशेब मात्र चुकलेला असतो.

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात ह्या महिन्याचा शेवट पोळ्याने होतो. आदल्या सायंकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळले जातात, दुसऱ्या दिवशी जेवावयास येण्याचे आवतण त्याला दिले जाते. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस विसावा आणि मानाचे जेवण मिळाले पाहिजे, हे ज्या समाजाने आपल्या पंचांगातच लिहून ठेवले, त्याला श्रम आणि आनंद ह्यांचे नाते कळले नव्हते असे कोण म्हणेल? मात्र बैलाच्या पुढ्यात ठेवलेली ती पुरणपोळी जिने केली, तिच्या खांद्यावरचे जू त्या दिवशीही उतरलेले नसते.

पुढच्या महिन्यात गौरी येतील आणि पुन्हा पुरण शिजेल. तेव्हा जमाखर्चाच्या वहीत नारळ-गुळाच्या नोंदींखाली आणखी दोन ओळी लिहावयास हरकत नाही. ह्या महिन्यात घराला कोणकोणता आनंद मिळाला, ही एक. आणि तो मिळावा म्हणून घरातील कोणाचा किती वेळ खर्ची पडला, ही दुसरी. पहिली ओळ लिहिताना मन प्रसन्न होईल. दुसरी लिहिताना वही हातात असलेल्याने थोडा वेळ थांबावे, आणि मग उठून पुरणयंत्र आपल्याकडे ओढून घ्यावे.