थेंब तोच, ताल वेगळा

मुलगा सोळा वर्षांचा झाला तरी मिसरूड फुटत नाही, आवाज बदलत नाही. घरात विषय निघाला की आजी म्हणते, ‘आपल्याकडे सगळे उशिराच वाढतात.’ पुष्कळदा आजीचे खरेही ठरते. पण काही घरांत अडचण मेंदूतून निघणाऱ्या एका निरोपाची असते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तिथून जीएनआरएच हे संप्रेरक निघते. दहा अमिनो आम्लांची ही छोटी साखळी, म्हणजे पेप्टाइड. हा निरोप मिळाला की पिट्युटरी ग्रंथी आपली संप्रेरके सोडते आणि मुलींचे बीजकोश, मुलांचे वृषण कामाला लागतात. या साखळीची रचना १९७१ मध्ये उलगडली. मेंदूतल्या अशा पेप्टाइडांच्या शोधासाठी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांना १९७७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

खरी गंमत पुढे आहे. १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांवर प्रयोग केला. जीएनआरएच तासातून एकदा दिले, तर पिट्युटरी जागी झाली. तेच सतत दिले, तर ती गप्प झाली! दारावर टकटक केली की आपण दार उघडतो. कुणी बेल दाबूनच धरली तर बेलच बंद करतो, तसेच हे.

वैद्यकाने दोन्ही गोष्टी वापरल्या. निरोपच निघत नसेल तर छोट्या पंपाने दीड-दोन तासांनी थेंब देता येतो. उलट, सातव्या वर्षीच वयात येऊ लागलेल्या मुलीला किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगात ल्युप्रोलाइडसारखे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन देऊन हीच यंत्रणा थांबवतात. म्हणून ‘हार्मोन वाढवणारे पेप्टाइड’ अशी जाहिरात पाहून कुणी इंजेक्शन मागवू नये. ताल चुकला तर वाढवायला गेलेले घटते.

आता एक साधा प्रश्न. अशा मुलाला फोडणीचा, आपल्या कन्नड शेजारघरच्या भाषेत ओग्गरणेचा, वास येतो का? जीएनआरएच तयार करणाऱ्या पेशी गर्भात नाकाजवळ जन्मतात आणि तिथून मेंदूत जातात. ही वाट अडली तर वयात येणे रखडते आणि बहुधा वासही येत नाही. याला कॉलमन सिंड्रोम म्हणतात. ‘त्याला लहानपणापासून वासच कळत नाही’ हे आपण हसण्यावारी नेतो. डॉक्टरांना मात्र ते आवर्जून सांगावे.

मुलीत तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरू झाली नाही, किंवा मुलात चौदाव्यापर्यंत वयात येण्याच्या खुणा दिसल्या नाहीत, तर संप्रेरकतज्ज्ञांना दाखवावे. संप्रेरके देऊन वाढ सुरू करता येते. पुढे योग्य उपचारांनी अनेकांना मूलही होते. लग्नाच्या बोलणीपर्यंत झाकून ठेवण्यासारखे यात काही नाही. झाकल्याने फक्त मुलाची वर्षे जातात, आणि तो ती एकटाच काढतो.