खांद्याच्या केसपेपरवर शुगर

खांदा दुखतो म्हणून आलेल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाचा केसपेपर आपण कसा भरतो? उजवा की डावा, कधीपासून, पडलात का, रात्री त्या कुशीवर झोपता येतं का, हात किती वर जातो. मग नीअर, हॉकिन्स, एम्प्टी कॅन. चाचण्या नीट केलेल्या असतात, अंशही मोजलेले असतात. पण या मासिकाकडे येणारे खांद्याचे केस-रिपोर्ट वाचताना एक उणीव सतत खटकते. रुग्णाची शुगर किती, बीपी किती, तो तंबाखू खातो का, हे त्यात क्वचितच सापडतं. रोटेटर कफ फाटलेल्या रुग्णाबाबत ही माहिती वगळणं म्हणजे अर्धीच तपासणी करणं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आपण शिकलो ती मांडणी यांत्रिक होती. चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये ॲक्रोमिअनच्या पुढच्या कडेखाली सुप्रास्पायनेटस घासला जातो असं सांगितलं आणि तेच चित्र पुढच्या पिढ्यांच्या मनात पक्कं बसलं. ते सर्वस्वी चुकीचं नाही, अपुरं आहे. २०१८ मध्ये छापून आलेल्या दोन चाचण्या, ब्रिटनमधली सीसॉ आणि फिनलंडमधली फिम्पॅक्ट, यांत हाड तासण्याच्या शस्त्रक्रियेची तुलना नुसती दुर्बीण घालून पाहण्याशी केली गेली. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणावा असा फरक दोन्हीकडे आढळला नाही. टेंडन पूर्ण फाटलेले रुग्ण या चाचण्यांत नव्हते, हे खरं. तरीही सगळा दोष वरच्या हाडावर टाकून मोकळं होण्याची सोय त्यानंतर उरली नाही.

सेंट लुईसच्या यामागुची आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दोन्ही खांद्यांची सोनोग्राफी केलेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. कफ शाबूत असलेल्यांचं सरासरी वय सुमारे ४९, एका बाजूचा फाटलेल्यांचं ५९, दोन्ही बाजूंचा फाटलेल्यांचं ६८. जपानमधल्या एका डोंगराळ गावात यामामोतो यांनी २०१० मध्ये सरसकट गावकऱ्यांचे खांदे तपासले, तेव्हा २०.७ टक्के खांद्यांत पूर्ण जाडीची फाट निघाली आणि त्यांतल्या कितीतरी जणांची काहीच तक्रार नव्हती. फाट दुखऱ्या हातापुरती राहत नाही, न दुखणाऱ्या हातातही ती असते. म्हणजे टेंडनची जी झीज चालू आहे तिला त्या माणसाच्या रक्तातही कारणं असणार, असा विचार करणं भाग आहे.

मधुमेहाचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत, आणि सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. जास्तीची साखर कोलॅजनच्या तंतूंना चिकटून त्यांच्यात आडवे बंध तयार करते. टेंडन कडक होतो, त्याची दुरुस्ती मंदावते. शिवलेला कफ पुन्हा फाटण्याचं प्रमाणही साखर ताब्यात नसलेल्यांमध्ये जास्त आढळलं आहे. आपल्याकडे मात्र मधुमेह आणि खांदा म्हटलं की एकच निदान तोंडात येतं, ‘फ्रोझन शोल्डर’. ‘शुगर आहे ना, मग खांदा आखडणारच’ असं म्हणून महिनोन्महिने शेक आणि ताणाचे व्यायाम चालतात, आणि खाली फाटलेला सुप्रास्पायनेटस तसाच राहतो. फरक ओळखायला एमआरआयची वाट पाहायला नको. रुग्णाचा कोपर अंगाशी ठेवून त्याचा हात आपण स्वतः बाहेरच्या बाजूला फिरवून पाहावा. आखडलेल्या खांद्यात तो आपल्यालाही फिरवता येत नाही. फाटलेल्या कफमध्ये बहुधा आपण फिरवला की फिरतो, रुग्णाला मात्र तो स्वतःच्या ताकदीने नेता किंवा धरून ठेवता येत नाही. दोन्ही दुखणी एकाच खांद्यात असू शकतात, म्हणून आखडलेपणा सुटू लागला की ताकद पुन्हा तपासली पाहिजे. ही दुसरी तपासणी आपल्याकडे फार वेळा राहून जाते.

तंबाखूबद्दल तर आपला प्रश्नच चुकतो. ‘स्मोकिंग करता का?’ असं आपण विचारतो आणि रुग्ण खरं तेच उत्तर देतो, ‘नाही.’ २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा चारच्या आसपास, पण तंबाखू चघळणारे, दाताला लावणारे जवळजवळ एक चतुर्थांश. आपल्या रुग्णाची डबी खिशात असते, चुना सोबत असतो. सत्तरीच्या आजी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि तिला कुणी व्यसन म्हणत नाही, त्याही म्हणत नाहीत. बॉमगार्टन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलेला कफच्या फाटीशी असलेला संबंध सिगारेटचा होता आणि तो मात्रेनुसार वाढणारा होता. उंदरांवरच्या प्रयोगांत मात्र धूर नव्हता, नुसतं निकोटीन दिलेलं होतं, आणि तरीही टेंडन हाडाला जुळायला उशीर झाला. निकोटीन मिश्रीतूनही रक्तात उतरतं. तेव्हा तंबाखू, मिश्री, गुटखा, मावा, तपकीर अशी नावं घेऊन विचारा, घरच्या माणसांसमोर विचारू नका, आणि विचारताना चेहऱ्यावर नापसंती दिसू देऊ नका.

बाकीचे दुवे थोडक्यात. कफ फाटलेल्यांमध्ये कोलेस्टेरॉल जास्त आढळतं. उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये फाट मोठी असण्याकडे कल दिसतो. सख्ख्या भावंडाचा कफ फाटलेला असेल तर धोका दुपटीहून अधिक, असं ऑक्सफर्डच्या अभ्यासात दिसलं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच टेंडन तुटण्याचा ठळक इशारा छापायला लावला, आणि साठीपुढचे व स्टिरॉइड घेणारे रुग्ण अधिक जोखमीचे असल्याचं त्यात म्हटलं. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी अलीकडे काही गोळ्या घेतल्या का, एवढं विचारायला वेळ लागत नाही.

यांतले बरेचसे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. कोलेस्टेरॉल उतरलं की टेंडन सांधतो, असं रुग्णाला सांगू नये. मात्र मार्केट यार्डातल्या हमालाला ‘वजन उचलू नका’ असं सांगून त्याच्या हातात काय पडतं, याचाही विचार करावा. त्याची रोजी त्या वजनावर आहे. डबी सोडवता येते, बीपी ताब्यात आणता येतं, आणि त्याचा फायदा खांद्यापुरता राहत नाही. व्यायामावरचा आपला विश्वासही कमी होऊ देऊ नका. अमेरिकेतल्या मून गटाच्या पाहणीत, मार न लागता कफ पूर्ण फाटलेल्या ज्या रुग्णांनी व्यायामाचा कार्यक्रम घेतला, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांशांना दोन वर्षांत शस्त्रक्रियेची गरज पडली नाही.

औषधं लिहिणं आपलं काम नाही, चिठ्ठी लिहिणं आहे. फॅमिली डॉक्टरांना दोन ओळी पुरतात: ‘कफ फाटल्याची शंका आहे, वय अमुक, तंबाखू इतकी, आज बीपी इतकं. एचबीए१सी आणि लिपिड प्रोफाइल पाहावं, ही विनंती.’ ओपीडीत बीपीचं यंत्र नसेल तर आधी ते आणा. आणि आमच्याकडून एक बदल: पुढच्या अंकापासून खांद्याच्या केस-रिपोर्टमध्ये शुगर, रक्तदाब, तंबाखू, चालू औषधं आणि दुसऱ्या खांद्याची तपासणी यांच्या नोंदी नसतील, तर मजकूर कितीही चांगला असला तरी तो लेखकाकडे परत पाठवला जाईल.