हौसेचे तळे आणि खालची शेते

पेण व रोहे तालुक्यांत डोंगरउतारांवर शेतघरे झाली आहेत. तेथील ओहोळास मातीचा बांध घालून तळे करावे, त्यात नाव सोडावी, अशी हौस काही मालकांस असते. हौस वाईट नव्हे. परंतु अशा बांधाची राखण सिंचनाच्या बांधापेक्षा अधिक दक्षतेने व्हावयास हवी, असे आमचे मत आहे.

सिंचनाचे तळे वैशाखापर्यंत बहुधा आटते. आतला उतार उघडा पडतो. भेगा, खेकड्या-उंदरांची बिळे, ढासळलेले दगड दिसतात व पावसापूर्वी डागडुजी होते. हौसेचे तळे मात्र पाहुण्यांसाठी बारमाही तुडुंब राखतात. त्याची आतली बाजू वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि पावसाचा पहिला मोठा लोंढा सामावून घेण्यास तेथे जागाच नसते. सारा भार सांडव्यावर. त्यातही पाणी चढावे म्हणून सांडव्यात फळ्या, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी! जाळीत पालापाचोळा अडकला की पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागते, आणि मातीचा बांध ते सोसत नाही. पेणच्या खारबांधांवर वाढलेल्या शेतकऱ्यास खांड कशी रुंदावत जाते हे सांगावयास नको.

चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले व भेंदवाडीतील वीसच्या आसपास माणसे गेली. ते धरण मातीचेच, शिवाय शासकीय. गळतीची तक्रारही ग्रामस्थांनी आधी केली होती. मग खासगी बांधाकडे कोण पाहणार? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांस लागू आहे. ओहोळावरचा चार-पाच मीटरचा बांध त्यात येत नाही. म्हणून ग्रामपंचायतीनेच अशा बांधांची नोंद ठेवून दर वैशाखात मालकासमक्ष पाहणी करावी.

मालकाने मे महिन्यात पाणी हळूहळू उतरवावे. एकदम उतरविल्यास आतली ओली माती घसरते. बांधावर झाडे नकोत, कारण मुळे कुजली की पाण्यास वाट मिळते, गवत चांगले. पायथ्याचा पाझर स्वच्छ असेल तर त्यावर नजर ठेवावी. गढूळ झाल्यास आतली माती वाहत आहे असे समजून त्याच घटकेस खालच्या वाडीस कळवावे. मालक बहुधा मुंबईस असतो. सांडव्याची फळी काढण्यास रखवालदारास त्याच्या फोनची वाट पाहावी लागू नये.