हवेची हजेरी

गेल्या दिवाळीची गोष्ट. वसुबारस चार दिवसांवर आली आणि आमच्याकडे माळ्याची सफाई निघाली. आईला दमा, पण तिच्या जुन्या ट्रंका दुसऱ्या कुणी हलवलेल्या तिला खपत नाहीत. शिडीवर सौ., खाली पदर नाकाला लावून आई, आणि मी वर्तमानपत्रामागे सुरक्षित! तेवढ्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारा माझा पुतण्या आला. त्याने काचेची एक चपटी बशी उघडून ट्रंकेशेजारी ठेवली आणि १५ मिनिटांनी तिच्यावर झाकण घातले.

"काका, हवेची हजेरी घेतली," तो म्हणाला.

त्या रात्री आईला धाप लागली. दोन वाजता डॉक्टरांना उठवावे लागले. ती कॉटवर बसून श्वास ओढत होती, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

चौथ्या दिवशी पुतण्या बशी घेऊन आला. आतल्या थरावर हिरवे-काळे ठिपके उगवले होते. माळ्यावरच्या ओलीची बुरशी! वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. बशीने खोटे सांगितले नाही. पण आईच्या छातीने तेच तीन दिवस आधी सांगितले होते.

ही अडचण जुनीच आहे. १८६० साली पाश्चर यांनी निर्जंतुक द्रावणाच्या २० कुप्या आल्प्समधल्या मेर द ग्लास हिमनदीपाशी उघडून पुन्हा बंद केल्या. त्यांतली एकच नासली. जुरा पर्वताच्या पायथ्याशी मात्र २० पैकी ८ नासल्या. हवेतले जंतू सगळीकडे सारखे नसतात, हे त्यावरून कळले. पण कुप्या नासेपर्यंत थांबावे लागले. पुढे १९५२ साली इंग्लंडात हर्स्ट यांनी मोठी नामी युक्ती काढली. मिनिटाला १० लिटर हवा एका फटीतून ओढायची आणि फटीमागे चिकट काचपट्टी तासाला २ मिलिमीटर सरकवत न्यायची. कोणत्या तासाला कोणते बीजाणू आले, ते पट्टीवर आपोआप उमटे. तरी ती पट्टी वाचायला सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसणारा माणूस लागेच.

आता मात्र क्षणाक्षणाला मोजणारी यंत्रे आहेत. हवेतला एकेक कण बारीक धारेतून जातो, त्याच्यावर अतिनील प्रकाश पडतो आणि सजीव पेशींतली ट्रिप्टोफॅनसारखी द्रव्ये चमकून उठतात. मिठाचा कण तसा चमकत नाही. कण केवढा, चमक किती, याची नोंद तिथल्या तिथे होते.

मी लगेच किंमत विचारली! पुतण्या हसला.

"काका, ते आपल्या घरासाठी नाही. शिवाय 'कोणीतरी आलं' एवढंच ते सांगतं. पाहुण्याचं नाव बहुधा सांगत नाही. आणि धुरातली काही द्रव्यंही तशीच चमकतात."

म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या धुरात यंत्राचीही फसगत व्हायची!

यंदा मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. दसऱ्यालाच नाकावर मास्क लावून माळा ओल्या फडक्याने पुसला आणि त्या दिवशी आईला ताईकडे पाठवले. संध्याकाळी ती परतली, शिडीखाली उभी राहून वर बघत म्हणाली,

"पुसलंय बरं, पण ट्रंका उलट्या लावल्यास."