दीड वर्षाच्या मुलाचा वाली कोण?

दीड-दोन वर्षांचे मूल घरात असणे हा आनंद आहे, तसाच तो दिवसभराचा पहाराही आहे. रोज एखादा नवा शब्द येतो, बापाच्या चपला घालून अंगणात ऐटीत मिरवणे होते. आणि मोठ्यांची पाठ वळताच तेच मूल चुलीकडे धाव घेते. या वयात भूक सांगता येते, पण धोका कळत नाही. म्हणून त्याच्यापाशी एक मोठे माणूस सतत लागते. ते कोठून आणायचे, या प्रश्नाचे उत्तर घराच्या मिळकतीप्रमाणे बदलते.

सुखवस्तू घरात आजी असते, नाहीतर पगारी बाई. ती बाई स्वतःचे मूल कोणाच्या हवाली करून येते, हे सहसा कोणी विचारीत नाही. बीडकडील ऊसतोड जोडपी हंगामाचे महिने साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते. एकाने मुलापाशी थांबणे परवडत नाही. मग चालते मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर येते आणि तिची शाळा सुटते. एका मुलाच्या संगोपनाची किंमत दुसरे मूल भरते.

तारा​बाई मोडक व अनुताई वाघ यांनी हे ओळखले होते. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेले त्यांचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र होती. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले, तरच थोरली बहीण वर्गात बसू शकते, हे त्यामागचे साधे शहाणपण होय.

कायद्याची दृष्टी मात्र आस्थापनेच्या दारापाशी थांबते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. शेतमजूर व घरकामगार स्त्री या मोजणीत येत नाही. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी आली. परंतु तेथील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन वर्षांपुढील मुलांसाठी, तेही काही तासांपुरते. त्याहून लहान मुलाच्या वाट्याला मुख्यतः लस, वजनाची नोंद आणि घरी न्यावयाचा शिधा येतो. शिधा मुलाला सांभाळीत नाही. २०२२ पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरे काढण्याची तरतूद आहे. पण ती योजना आहे. मागता येईल असा हक्क नाही.

मूल आईपाशीच वाढावे, असे यावर सांगितले जाते. हा उपदेश कष्टकरी आईला करण्यापूर्वी तिची दिवसाची मजुरी कोण भरून देणार, ते सांगावे. शिवाय बापाचे नाव या उपदेशात कधीच येत नाही.

म्हणून ऊसतोडीच्या प्रत्येक तळावर कारखान्याच्या खर्चाने पाळणाघर आणि वस्तीतील अंगणवाडीत दिवसभराची सोय, या मागण्या मजुरीच्या मागणीइतक्याच निकडीच्या मानल्या पाहिजेत. वाढीव तासांचा भार मानधनावर राबणाऱ्या सेविकेवर टाकून मात्र भागणार नाही. तिला पुरते वेतन द्यावे लागेल. आणि सभेत ही मागणी मांडणाऱ्या कार्यकर्त्याने, त्या वेळी त्याचे स्वतःचे मूल कोण सांभाळीत आहे, याचाही हिशेब ठेवावा.