मोबाईलवरची रोषणाई

गेल्या रमजानात नववीच्या वर्गाला मराठीचा निबंध दिला होता, 'मी पाहिलेली रोषणाई'. मुलांनी मोहम्मद अली रोड पानभर रंगवला. मिनारा मशिदीवरच्या दिव्यांच्या माळा, कढईतला मालपुवा, मातीच्या वाटीतली फिरनी, सहेरीपर्यंतची गर्दी. मुलींचे निबंध मात्र चार ओळींत आटोपले होते. एकीने लिहिलं होतं, "भाईने मोबाईलवर दाखवली. आवाज बंद होता, कारण दादी झोपली होती."

व्याकरणाची एकही चूक नव्हती. तरी त्या वहीवर मार्क देताना हात अडखळला.

कारण माझ्या घरातही तेच चाललं होतं. मुंब्र्याहून मी दर रमजानात एकदा तरी तिकडे जातो. आधी मित्रांबरोबर जायचो, आता मुलाला घेऊन जातो. बायकोसाठी आणि लेकीसाठी अफलातूनचा डबा आणला की माझं कर्तव्य संपलं. त्या संध्याकाळी बायकोला विचारलं, "येशील का?" ती म्हणाली, "येईन. पण इफ्तारचं कोण बघेल? सहेरीचं कोण बघेल?" हा नकार नव्हता, हिशेब होता. वीस वर्षं तो तिने एकटीने सांभाळला होता.

म्हणून आधी हिशेब बदलला. सहेरीचं सालन आदल्या रात्री मी आणि मुलाने करून ठेवलं. जायच्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही असं ठरलं. दुसऱ्या अशऱ्यातला मधला वार निवडला. शेवटचे दहा दिवस इबादतीचे, आणि बाजारात सर्वांत जास्त रेटारेटीही तेव्हाच असते. असरची नमाज पढून धीम्या लोकलने निघालो.

मस्जिद स्टेशनवर लेकीने विचारलं, "अब्बा, हे नाव मिनारा मशिदीवरून पडलं का?" म्हटलं, नाही. इथे जवळच बेने इस्राएली समाजाचं १७९६ सालचं प्रार्थनास्थळ आहे. आपल्यासारखेच मराठी बोलणारे हे यहुदी. त्यांच्या 'जुन्या मशिदी'वरून हे नाव पडलं असं सांगतात. ती पाटीकडे पाहत राहिली.

डोंगरीत खालाकडे खजुराने रोजा सोडला, मगरिब पढलो आणि बाहेर पडलो. दिवे नुकतेच लागले होते. तरावीहनंतर उसळणारी गर्दी अजून यायची होती. दोघी आरामात चालत होत्या, दुकानांपाशी थांबत होत्या, भाव विचारत होत्या. फिरनी खाताना बायको बसली होती आणि आम्ही वाढत होतो. दहाच्या आत घरी परतलो, तरावीह घरीच पढलो.

तुम्हीही घरच्यांना घेऊन जाणार असाल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. लहान मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते पोहोचल्यावर लगेच ठरवा. बायकांना नमाजची आणि स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे, ते निघण्याआधीच विचारून ठेवा. बऱ्याच घरांतल्या बायका यायचं टाळतात ते याचमुळे. आजी-आजोबा असतील तर मुख्य गल्लीत शिरण्याऐवजी कडेच्या एखाद्या दुकानात बसायला जागा शोधा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे घरातलं काम आधी वाटून घ्या. नाहीतर "तू पण चल" हे नुसतं बोलण्यापुरतं राहतं.

काही जण म्हणतील, रमजान इबादतीसाठी आहे, फिरण्यासाठी नाही. बरोबर आहे. पण मग हा नियम बाप-लेकांनाही लागू हवा. आपण जाऊन यायचं आणि सब्र फक्त घरातल्या बायकांनी करायचा, हा कुठला न्याय?

परतताना गाडीत बायको म्हणाली, "लग्न झालं त्या वर्षी आपण टॅक्सीने जे. जे. पुलावरून गेलो होतो. तेव्हा वरून हे मिनार दिसले होते. तुम्ही म्हणाला होतात, खालून दाखवीन कधीतरी."

मला ते आठवत नव्हतं.